पंढरीचे शिलालेख आणि परंपरा

इंदापूर तालुक्यांतील बावडा हें गांव देहूच्या पालखीच्या वाटेवर आहे. येथून पुढें सराटीस नीरा लागते व वारकऱ्यांस पंढरीचे वेध लागतात. विठोबा विटेवर केव्हांपासून उभा आहे, असें त्यांस विचारल्यास अठ्ठावीस युगांची गणना सांगण्यांत येते. पंढरीचे दगड मात्र निराळा हिशेब मांडतात. तेथील शके 1111 (इ. स. 1189) चा लेख यादव भिल्लमाच्या काळचा आहे. शके 1159 (1237) च्या लेखांत होयसळ राजा सोमेश्वर यानें भीमरथीच्या तीरीं तळ दिला असतां विठ्ठलास एक गांव अर्पण केल्याचें नमूद आहे.

यावरून एक पक्ष म्हणतो, परंपरा खोटी. दुसरा म्हणतो, दगडास भक्ति काय कळणार? आमच्या मतें दोघेहि घाई करतात. अमुक वर्षीं देव पूजिला जात होता, एवढेंच शिलालेख सिद्ध करतो. त्यापूर्वीं तो नव्हता, असें तो सांगत नाहीं. उलट सोमेश्वराच्या लेखांत पुंडरीक मुनीचें नांव आहे. म्हणजे पुंडलिकाची कथा त्या काळीं रूढ होती, याची साक्ष दगडच देतो. परंतु कानडी राजाच्या ज्या दानाची आठवण लोकांस राहिली नाहीं, तेंहि दगडानेंच जपलें.

चौऱ्यांशीच्या शिलालेखाची कथा याहून बोधप्रद आहे. शके 1195 ते 1199 (1273–1277) या काळांतील देणगीदारांची ही यादी. तींत रामदेवराव यादवास ‘पंढरीफडमुख्य’ म्हटलें आहे, आणि राजाच्या जोडीस सामान्य भक्तहि आहेत. पुढें या दगडास पाठ घासली असतां चौऱ्यांशीं लक्ष योनींचा फेरा चुकतो, अशी समजूत पडली. पिढ्यान्‌पिढ्या भाविकांनीं पाठी घासल्या. ज्यांनीं विठ्ठलास यथाशक्ति अर्पण केलें, त्यांचींच नांवें नंतरच्या भक्तांच्या श्रद्धेखालीं झिजूं लागलीं!

अशीं अक्षरें लावणें हें श्रद्धेवर आक्रमण नव्हे. ग. ह. खरे यांनीं 1938 सालीं ‘श्रीविठ्ठल आणि पंढरपूर’ लिहून हा मार्ग घालून दिला, रा. चिं. ढेरे यांनीं 1984 सालीं ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ या ग्रंथांत तो पुढें नेला. देव कधीं अवतरला, हा प्रश्न संशोधकाचा नाहीं. त्याच्या दारीं कोण आलें व काय ठेवून गेलें, हा त्याचा आहे. त्या यादींतील साध्या दात्यास युगांच्या गणनेंत जागा नाहीं. त्याची एकच खूण दगडावर उरली आहे, आणि ती राखणें ही सुद्धां पंढरीची सेवाच होय.