निजदचे नवे नेतृत्व, नवी युती आणि बीदर-कलबुर्गीचे जुने गणित

२०२४ ची लोकसभा निवडणूक काही महिन्यांवर आली असताना कर्नाटकातील निधर्मी जनता दलाने, म्हणजेच निजदने, दोन मोठे निर्णय घेतले. २२ सप्टेंबर २०२३ रोजी नवी दिल्लीत एच. डी. कुमारस्वामी यांनी अमित शहा व जे. पी. नड्डा यांची भेट घेतली आणि पक्ष राष्ट्रीय लोकशाही आघाडीत दाखल झाला. त्यानंतर महिनाभरातच, १९ ऑक्टोबर रोजी, पक्षाध्यक्ष एच. डी. देवेगौडा यांनी या युतीला विरोध करणारे प्रदेशाध्यक्ष सी. एम. इब्राहिम यांना पदावरून दूर करून कुमारस्वामी यांच्याकडे प्रदेशाची सूत्रे सोपविली. या निर्णयांची चर्चा प्रामुख्याने मंड्या, हासन आणि तुमकूरच्या संदर्भात होते. महाराष्ट्राच्या सीमेवरील बीदर व कलबुर्गी जिल्ह्यांत मात्र त्यांचा अर्थ वेगळा आहे.

पक्षाची वाटचाल

१९९४ मध्ये एकसंध जनता दलाने कर्नाटकात ११५ जागा जिंकून बहुमत मिळविले. देवेगौडा मुख्यमंत्री झाले आणि १९९६ मध्ये पंतप्रधानपदी पोहोचले. १९९९ मध्ये पक्ष दुभंगला व निजदचा जन्म झाला. त्या वर्षीच्या विधानसभा निवडणुकीत पक्षाला अवघ्या १० जागा मिळाल्या. पण २००४ मध्ये हा आकडा ५८ वर गेला आणि त्रिशंकू विधानसभेत सत्तेची किल्ली निजदच्या हाती आली.

त्या किल्लीचा पहिला लाभ कलबुर्गी जिल्ह्यालाच झाला. जेवर्गीचे काँग्रेस आमदार धरमसिंग काँग्रेस-निजद सरकारचे मुख्यमंत्री झाले. फेब्रुवारी २००६ मध्ये कुमारस्वामी यांनी भाजपशी हातमिळवणी करून स्वतः मुख्यमंत्रिपद घेतले. २००७ मध्ये ठरल्याप्रमाणे सत्ता सोपविण्याची वेळ आली तेव्हा ती युती मोडली. २०१८ मध्ये ३७ जागांच्या बळावर ते काँग्रेसच्या पाठिंब्याने पुन्हा मुख्यमंत्री झाले. ते सरकार जुलै २०१९ मध्ये कोसळले. मे २०२३ च्या निवडणुकीत काँग्रेसला १३५, भाजपला ६६ आणि निजदला केवळ १९ जागा मिळाल्या. पक्षाची मते १८ टक्क्यांहून सुमारे १३ टक्क्यांवर घसरली. नव्या युतीमागचे खरे कारण ही घसरण आहे.

इब्राहिम यांचे जाणे

देवेगौडा मंत्रिमंडळात नागरी विमान वाहतूक खाते सांभाळलेले इब्राहिम २०२२ मध्ये काँग्रेस सोडून निजदमध्ये परतले आणि लगेच प्रदेशाध्यक्ष झाले. मुस्लिम मतदारांना पक्षाकडे वळविणे हा त्यामागील हेतू उघड होता. त्यांचे पुत्र बीदर जिल्ह्यातील हुमनाबादमधून निजदचे उमेदवार होते, पण ते तिसऱ्या स्थानी राहिले. बीदर आणि कलबुर्गी या दोन्ही शहरांत मुस्लिम मतदारांची संख्या मोठी असल्याने इब्राहिम यांच्या गच्छंतीचा परिणाम येथे जुन्या म्हैसूर भागापेक्षा अधिक जाणवेल. तेथे वक्कलिग समाजाचा आधार पक्षाला सावरून धरतो. येथे तसा एकगठ्ठा आधार पक्षाकडे कधीच नव्हता.

लहान पक्षांना अनुकूल जमीन

बीदर जिल्ह्यात विधानसभेच्या सहा जागा आहेत. २०१३ मध्ये त्यांपैकी तीन लहान पक्षांनी जिंकल्या होत्या. बीदर शहरातून येडियुराप्पा यांच्या कर्नाटक जनता पक्षाचे गुरुपादप्पा नागमारपल्ली, बीदर दक्षिणमधून कर्नाटक मक्कळ पक्षाचे अशोक खेणी आणि बसवकल्याणमधून निजदचे मल्लिकार्जुन खुबा निवडून आले. शेजारच्या कलबुर्गी जिल्ह्यातील आळंदमध्येही कर्नाटक जनता पक्षाचे बी. आर. पाटील विजयी झाले. त्या पक्षाच्या राज्यभरातील एकूण सहा जागांपैकी दोन या दोन जिल्ह्यांतील होत्या.

पुढे काय झाले? येडियुराप्पा जानेवारी २०१४ मध्ये भाजपमध्ये परतले. खेणी २०१८ च्या निवडणुकीपूर्वी काँग्रेसमध्ये गेले, खुबा भाजपमध्ये. बी. आर. पाटील आज काँग्रेसचे आमदार आहेत. २०१८ मध्ये बीदर दक्षिण जिंकून कुमारस्वामी मंत्रिमंडळात सहकारमंत्री झालेले निजदचे बंडेप्पा काशेंपूर २०२३ मध्ये तिसऱ्या क्रमांकावर फेकले गेले. तिसऱ्या पर्यायाला मत देणारा मतदार येथे आहे. तो पर्याय टिकवून धरणारी संघटना नाही.

मराठी भाषकांच्या दृष्टीने ही बाब महत्त्वाची आहे. औराद, भालकी आणि बसवकल्याण तालुक्यांत मराठी बोलणारा वर्ग मोठा आहे. परंतु बेळगाव-खानापूरप्रमाणे महाराष्ट्र एकीकरण समितीचे बळ येथे नाही. त्यामुळे हा मतदार काँग्रेस, भाजप आणि जनता परिवार यांत विभागला जातो. त्याचे मोल बसवकल्याण पोटनिवडणुकीत दिसले. नोव्हेंबर २०२० मध्ये तत्कालीन भाजप सरकारने मराठा विकासासाठी ५० कोटी रुपयांची घोषणा केली. कन्नड संघटनांनी ५ डिसेंबरला बंद पुकारला, तरी सरकार मागे हटले नाही. एप्रिल २०२१ मध्ये मतदान झालेली ती जागा भाजपचे शरणू सलगर यांनी जिंकली. एकेकाळच्या आपल्याच मतदारसंघातील या चढाओढीत निजद कोठेच नव्हता.

जागावाटपाची अडचण

युतीत लहान पक्षाला हवी असलेली जागा सहसा मोठ्या पक्षाकडे नसावी लागते. येथे नेमके उलट आहे. निजदने पूर्वी जिंकलेल्या बसवकल्याण आणि बीदर दक्षिण या दोन्ही जागांवर आज भाजपचे आमदार आहेत. हुमनाबाद आणि औरादही भाजपकडेच आहेत. राहता राहिले बीदर शहर. तेथे २०२३ मध्ये काँग्रेसचे रहीम खान विजयी झाले आणि गुरुपादप्पांचे पुत्र सूर्यकांत नागमारपल्ली निजदच्या चिन्हावर दुसरे आले. भाजप तिसऱ्या स्थानी होता. जिल्ह्यात निजदला हक्काने मागता येईल अशी ही एकमेव जागा. पण ती मुस्लिम मतांशिवाय जिंकणे कठीण, आणि भाजपशी युती करून ती मते टिकविणे त्याहून कठीण.

लोकसभेचे चित्र याहून स्पष्ट होते. बीदरचे तत्कालीन खासदार भगवंत खुबा २०२३ मध्ये केंद्रात राज्यमंत्री होते. कलबुर्गीत २०१९ मध्ये भाजपचे उमेश जाधव यांनी मल्लिकार्जुन खर्गे यांचा सुमारे ९५ हजार मतांनी पराभव केला होता. युती झाली तेव्हा जागावाटप जाहीर झालेले नव्हते, तरी यांतील एकही जागा भाजप सोडण्याची शक्यता नव्हती. २०१९ मध्ये काँग्रेसशी युती असतानाही निजदच्या वाट्याच्या आठ जागांत बीदर किंवा कलबुर्गी नव्हते. म्हणजे सोबती बदलला, तरी येथील कार्यकर्त्याचे काम तेच राहिले: दुसऱ्याच्या चिन्हासाठी मते मागणे.

याउलट निजदची मदत भाजपला उपयोगी पडू शकते. यादगीर जिल्ह्यातील गुरमिटकल हा विधानसभा मतदारसंघ कलबुर्गी लोकसभेत मोडतो. खर्गे तेथून आठ वेळा आमदार झाले. तेथे आज निजदचे शरणगौडा कंदकूर आहेत. काँग्रेसच्या राष्ट्रीय अध्यक्षांच्या जिल्ह्यात ही मते निर्णायक ठरू शकतात. तेव्हा त्या मदतीच्या बदल्यात काय मिळवायचे, हा कुमारस्वामी यांच्यापुढील प्रश्न आहे.

महापालिकेचा दाखला, गोव्याचा अनुभव

सप्टेंबर २०२१ मध्ये कलबुर्गी महापालिकेच्या ५५ जागांपैकी काँग्रेसला २७, भाजपला २३ व निजदला ४ मिळाल्या. चार नगरसेवकांसाठी दोन्ही मोठे पक्ष निजदच्या दारात उभे राहिले. महापौरांची निवड मात्र दीड वर्ष रखडली आणि मार्च २०२३ मध्ये ते पद भाजपकडे गेले. निकालानंतरचे महत्त्व किती अल्पजीवी असते, याचे हे उदाहरण आहे.

गोमंतकीय वाचकाला हे अपरिचित वाटू नये. २०१७ मध्ये मगो आणि गोवा फॉरवर्ड यांच्या प्रत्येकी तीन आमदारांवर सरकार उभे राहिले. मार्च २०१९ मध्ये मगोच्या तिघांपैकी दोघे भाजपमध्ये विलीन झाले. तरीही मगो टिकला, कारण मडकईसारख्या ठिकाणी त्याचा स्वतःचा पाया शाबूत होता. बीदर-कलबुर्गीत निजदकडे आज असा एकही मतदारसंघ नाही.

म्हणून नव्या नेतृत्वाची खरी कसोटी येथे लोकसभेच्या जागावाटपात लागणार नव्हती. २०२१ पासून रखडलेल्या जिल्हा व तालुका पंचायत निवडणुकांत भाजप निजदला किती गट सोडतो आणि पक्षाकडे त्यासाठी उमेदवार उरतात का, यावरून या युतीने सीमाभागातील कार्यकर्त्याला काय दिले हे ठरेल. तोवर दिल्लीतील भेटीचा लाभ दक्षिणेला आणि त्याची किंमत उत्तरेला, असेच या युतीचे स्वरूप राहील.