पिंपरीच्या मातीचे नाव

मे २०२१ मध्ये नाशिकच्या अनेक घरांत एक अवघड नाव तोंडपाठ झाले होते: अॅम्फोटेरिसिन. कोरोनातून उठलेल्या माणसांना म्युकरमायकोसिस, म्हणजे लोकांच्या बोलीतली ‘काळी बुरशी’, गाठत होती आणि इंजेक्शन कुठे मिळत नव्हते. आमच्या मामूंसाठी आम्ही चिठ्ठी घेऊन मेडिकलची दुकाने पालथी घातली. मिळाले तेव्हा उशीर झाला होता. कब्रस्तानात तीन मुठी माती देताना मनात आले, ही बुरशीसुद्धा मातीतच राहते.

नंतर वाचताना कळले, ते औषधही मातीतलेच. १९५० च्या दशकात व्हेनेझुएलातल्या ओरिनोको नदीकाठच्या मातीत सापडलेल्या एका सूक्ष्मजीवाकडून ते मिळाले. आणि त्याच जातकुळीतले एक औषध आपल्या पिंपरीच्या मातीनेही दिले होते, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे?

पिंपरीत १९५४ मध्ये हिंदुस्तान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी उभी राहिली. युनिसेफ आणि जागतिक आरोग्य संघटनेने मदत केली आणि पुढच्याच वर्षी तिथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. पण तिथल्या संशोधकांना केवळ परक्यांची कृती गिरवायची नव्हती. एम. जे. तिरुमलाचार हे बुरशीशास्त्रज्ञ आपल्याच मातीत शोध घेत होते. १९६१ मध्ये त्यांनी मेनन आणि भट्ट या सहकाऱ्यांसह हॅमायसिन जाहीर केले. ते बनवणाऱ्या जिवाला नाव मिळाले स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. औषधाच्या नावात कंपनीची आद्याक्षरे, जिवाच्या नावात गावाचे नाव.

नवी जात सापडली, असे नुसते म्हणून भागत नाही. चिमूटभर माती पाण्यात कालवायची, ते पाणी पुन्हा पुन्हा पातळ करायचे आणि अगरच्या ताटलीवर पसरायचे. काही दिवसांनी ठिपके उगवतात. त्यातला एक वेगळा काढून वाढवायचा. मग त्याचा रंग, बीजाणूंच्या साखळीचा आकार, तो कोणती साखर खातो, कोणाला मारतो, हे सगळे नोंदवायचे. आधी वर्णन झालेल्या भाऊबंदांशी ताडून पाहायचे. फरक टिकला, तरच नवे नाव. आणि पुढे कोणालाही तपासता यावे म्हणून तो जीव जपून ठेवायचा.

एक गंमत सांगायला हवी. स्ट्रेप्टोमायसिस दिसतो बुरशीसारखा, धाग्याधाग्यांचा. म्हणून पूर्वी त्याला बुरशीतच धरत आणि त्याच्या नावातल्या ‘मायसिस’चा अर्थही बुरशीच. प्रत्यक्षात तो जिवाणू. पहिल्या पावसानंतर जो मातीचा वास येतो, तो बराचसा याच मंडळींचा.

हॅमायसिन बुरशीच्या पेशीचे आवरण सच्छिद्र करते. पोटातून ते नीट शोषले जात नाही, त्यामुळे तोंडात आलेली बुरशी आणि असेच वरवरचे आजार, इथेच ते मुख्यतः कामी आले. म्हणजे मामूंना ते वाचवू शकले असते, असा दावा मी करणार नाही. पण त्याच प्रयोगशाळेतून १९६४ मध्ये ऑरिओफंजिन आले, तेही मातीतल्याच जिवाकडून. ते पिकांवरच्या बुरशीसाठी होते. डाऊनी, भुरी आणि करपा यांच्या धास्तीने ऑक्टोबर छाटणीनंतर ज्यांची झोप उडते, त्या आमच्या द्राक्षवाल्यांना अशा शोधाचे मोल समजावून सांगावे लागत नाही.

पुढे ही कंपनी आजारी पडली. कामगारांचे पगार थकले. डिसेंबर २०१६ मध्ये, देणी भागवण्यासाठी सरकारी औषध कंपन्यांच्या रिकाम्या जमिनी विकायला केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली. त्यांत हीसुद्धा होती. जिने मातीतून औषध काढले, तिच्यावर माती विकायची वेळ आली.

जमिनीचा भाव एकराने ठरतो. चिमूटभर मातीत काय आहे हे शोधायला मात्र प्रयोगशाळा लागते, पगार लागतो, आणि वर्षानुवर्षे वाट पाहणारी माणसे लागतात. २०२१ मध्ये आम्ही रांगेत उभे होतो ते फक्त एका इंजेक्शनसाठी नव्हे. अशी माणसे आणि अशा जागा आपण सांभाळल्या नाहीत, त्याचीही ती रांग होती.