पन्हाळ्यावरची भेट

आपल्या बेळगाव जिल्ह्यातील अथणी हे गाव बहुतेकांना माहीत आहे ते चपलांमुळे. नोकरीच्या निमित्ताने माझी तिकडे अधूनमधून फेरी होते. शिवाजी महाराज आणि संभाजीराजे या पिता-पुत्रांच्या आयुष्यातील एका वळणाशी या गावाचा संबंध आहे, हे मात्र पुष्कळांना ठाऊक नसते.

संभाजीराजांचा जन्म १६५७ सालचा. दोन वर्षांचे असताना मातोश्री सईबाई गेल्या आणि आजी जिजाऊंनी त्यांना वाढविले. नऊ वर्षांचे असताना ते वडिलांबरोबर आग्र्यास गेले. सुटकेनंतर महाराज पुढे निघाले आणि या मुलाला मथुरेत परक्या घरी मागे राहावे लागले. १६७४ मध्ये राज्याभिषेकानंतर अवघ्या काही दिवसांत जिजाऊही गेल्या. बापलेकांमध्ये शब्द टाकणारे वडीलधारे माणूस घरात उरले नाही.

पुढे महाराज कर्नाटकच्या मोहिमेवर गेले. संभाजीराजे तेव्हा शृंगारपुरास होते. अण्णाजी दत्तो आदी कारभाऱ्यांशी त्यांचे बिनसले होते. इकडे सोयराबाईंचे पुत्र राजाराम मोठे होत होते आणि राज्य कोणाला, हा प्रश्न घरात शिरला होता. डिसेंबर १६७८ मध्ये संभाजीराजे मोगल सरदार दिलेरखानास जाऊन मिळाले.

एप्रिल १६७९ मध्ये खानाने स्वराज्याचा भूपाळगड घेतला आणि गडावरील सातशे जणांचा एकेक हात तोडला. युवराज तेव्हा त्याच फौजेत होते. पुढे खान विजापूरच्या मुलखात शिरला. तिकोटा लुटून फौज अथणीस आली. गाव जाळले आणि माणसे विकण्याचा बेत झाला. संभाजीराजांनी विरोध केला, पण खानाने तो जुमानला नाही. त्यानंतर नोव्हेंबरमध्ये ते छावणीतून निसटले आणि विजापूरमार्गे डिसेंबरात पन्हाळ्यास पोहोचले.

जानेवारी १६८० मध्ये महाराज पन्हाळ्यावर आले. सभासद बखरीनुसार महाराजांनी मुलाला जवळ केले, समजूत घातली आणि दोन पुत्रांत राज्य वाटून देण्याचा विचार सांगितला. त्यावर संभाजीराजांनी आपल्याला दूधभात आणि वडिलांचे पाय पुरेत, असे उत्तर दिले. सभासदाने ही बखर राजाराम महाराजांच्या आज्ञेने लिहिली, हे ध्यानात ठेवूनच ती वाचली पाहिजे. परंतु दोन गोष्टी निश्चित आहेत. महाराजांनी परत आलेल्या मुलाला दूर लोटले नाही, आणि संभाजीराजांनी आपल्या ‘बुधभूषण’ या संस्कृत ग्रंथात पित्याचा गौरवच केला आहे.

वाटणीची गोष्ट मात्र अर्धीच राहिली. महाराज रायगडास गेले. मार्चमध्ये राजारामांची मुंज आणि लग्न झाले. संभाजीराजे पन्हाळ्यावरच होते. ३ एप्रिल १६८० रोजी महाराजांचे निधन झाले. पन्हाळ्यावरची ती भेट शेवटची ठरली. राहिलेला प्रश्न मग कारभाऱ्यांनी आपल्या परीने सोडवू पाहिला, आणि त्याचे दुष्परिणाम स्वराज्याने भोगले.

थोरांच्या घराची तुलना आपल्या घराशी करू नये, हे मला कळते. तरी एक सांगतो. माझे वडील सीमालढ्यात उमेदीची वर्षे घालविलेले. डिप्लोमा होताच मी कर्नाटक सरकारची नोकरी धरली, तेव्हा ते माझ्याशी बोलायचे थांबले. तीन वर्षांनी एका चतुर्थीला आरतीचे तबक त्यांनी न बोलता माझ्या हाती दिले. त्यानंतर आम्ही बोलू लागलो, पण त्या विषयावर कधीच नाही. आज ते नाहीत. विचारायचे होते ते राहून गेले.

यंदा गणपतीला आपल्या अनेक घरांत बाहेरगावची मुले येतील. एखाद्या घरात जुना अबोलाही असेल. प्रसाद वाटून झाला की बापलेकांनी थोडा वेळ बसावे, आणि राहिलेले बोलून घ्यावे.