तळ चाचपणारा गळ : मुठेचे मासे, भोयांची विद्या आणि साइक्सची यादी

कसबा पेठेत मासेमारीच्या इतिहासावर व्याख्यान आहे असं कळल्यावर दोघा-तिघांनी आम्हाला फोन करून विचारलं, की विषय छापताना काही घोटाळा तर झाला नाही ना? झालेला नाही. आपण बसलो आहोत तिथून मुठेचं पात्र चालत दहा मिनिटांवर आहे. पुणं जेव्हा फक्त कसबाच होतं, तेव्हापासून हे गाव या नदीकडे तोंड करून बसलेलं आहे. घाटांबद्दल, देवळांबद्दल, वाड्यांबद्दल या मालेत पुष्कळ बोलून झालं. पाण्याखाली काय होतं, हा प्रश्न राहिला. आज तो घेऊ.

सुरुवात मात्र परदेशातून करावी लागेल. आम्ही तिघं-चौघं काही वर्षं पुण्याच्या माशांबद्दलचे जुने लेख वाचतो आहोत. मागच्या हिवाळ्यात आमच्यातल्या एकाचा भाचा एक पाकीट घेऊन आला. आत शिशाची लंबगोल गोळी, आरपार भोक असलेली. एक काचेचा मणी, एक छोटी फिरकी, आणि रबरासारख्या मऊ प्लॅस्टिकचे गांडुळाच्या आकाराचे किडे. म्हणाला, याला कॅरोलिना रिग म्हणतात, अमेरिकेत बास मासा धरायला वापरतात. गोळी दोरीवर मोकळी सरकते, मणी आणि फिरकी तिला अडवतात, फिरकीच्या पुढे दोन-तीन फूट दोरी आणि तिच्या टोकाला गळात ओवलेला तो किडा. लांब फेकायचं, गोळी तळाला बसू द्यायची आणि मग तळावरून हळूहळू ओढत आणायची. गोळी माती उडवत, दगडावर टकटक करत पुढे येते, किडा तिच्या मागून तरंगत येतो. मासा तोंड घालतो तेव्हा त्याला गोळीचं वजन लागत नाही, कारण दोरी तिच्यातून मोकळी निघते.

हा मऊ प्लॅस्टिकचा किडा १९४९ साली ओहायोतल्या अ‍ॅक्रन गावी निक क्रीम नावाच्या माणसाने बनवला. पुढे १९८५ साली जॅक चान्सलर याने बासमास्टर क्लासिक ही तिथली सगळ्यात मोठी स्पर्धा जिंकली, ती जड वजनामागे असाच छोटा किडा तळावरून ओढत. त्या किड्याचं नाव ‘डू-नथिंग’, म्हणजे काहीच न करणारा. नाव अगदी बरोबर आहे बरं का. करायचं ते सगळं गोळी करते.

बास मासा आपल्या नद्यांत नाही. मग आम्ही हे शिकायचं कशाला? आमच्या मनात होतं ते इतकंच, की तळाच्या माशांबद्दल एवढं वाचलं, तर एकदा तळ हाताला लागू दे. एका धरणाच्या मागच्या पाण्यावर गेलो. पहिले दोन दिवस काही म्हणता काही समजेना. गोळी अडकली की आम्ही हिसका द्यायचो, दोरी तुटायची. तिसऱ्या दिवशी शेजारी एक म्हातारे गृहस्थ येऊन बसले. भोई घराण्यातले, सत्तरीच्या पुढचे. बराच वेळ बघत राहिले आणि मग म्हणाले, “दादा, ओढू नका. विचारत विचारत आणा.”

आम्ही म्हटलं, कुणाला विचारायचं मामा?

“तळाला. गोळी टकटक करती तिथं खडक हाय. गुळगुळीत आली का वाळू. जड झाली, चिकटल्यावानी वाटली, का गाळ. मासा गाळात बसत नाय, खडक संपून वाळू लागती तिथं बसतो. तिथं आली का थांबायचं.”

नंतर कळलं, की त्यांचे वडील हेच करायचे. शिसं नसेल तेव्हा भोकाचा दगड, किडा खरा, बांबूला दोर. दांडी नसली तर नुसती दोरी तर्जनीवरून सोडायची. म्हणजे बघा, जॅक चान्सलरने ज्यावर बक्षीस मिळवलं, त्यातलं निम्मं शिक्षण त्या मामांच्या बोटात होतं. दोन्हीकडची पद्धत हुबेहूब एक होती असं आम्ही म्हणणार नाही. सरकती गोळी ही खास त्यांची युक्ती. पण हाताने तळ वाचायचा, ही मूळ विद्या दोन्हीकडे एकच.

आपल्याकडे ही विद्या एवढी का वाढली, याचं उत्तर नदीतच आहे. दख्खनच्या नद्या पावसाळ्यात दोन-तीन महिने फुगतात आणि पुढे खडकाळ पात्रात डोह होऊन राहतात. डोहात मासा तळ धरतो, आणि तळ धरणारा मासा तळासारखाच घडतो. शिंगटीला मिशा असतात, गढूळ पाण्यात ती त्यांनी चाचपते. मळ्याच्या हनुवटीखाली चकतीसारखी गादी असते, तिच्या जोरावर तो वाहत्या पाण्यात दगडाला चिकटतो. खरपाचे पोटाखालचे पर एकमेकांना जुळून त्यांची वाटी झालेली असते. वांब लांबोळी, सापासारखी, दगडांच्या फटीत शिरून बसते. या सगळ्यांना धरायचं तर पाण्याचा वरचा थर बघून उपयोग नाही.

गळाची विद्या आपल्याकडे लिहूनही ठेवली गेली. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ११३० च्या आसपास ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला. कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण, बिदर जिल्ह्यातलं. त्यात राजाने करावयाच्या करमणुकींमध्ये ‘मत्स्यविनोद’ असं प्रकरण आहे. माशांचे प्रकार, कुठला नदीचा आणि कुठला समुद्राचा, खवल्यांचा की बिनखवल्यांचा, कोणाला काय चारायचं, दोरी कशाची, काठी कशी, हे सगळं तिथे आहे. भारतीय प्राणिसर्वेक्षणाचे संचालक सुंदरलाल होरा यांनी विसाव्या शतकाच्या मध्यावर त्याच्यावर लेख लिहिला, तेव्हा ते आधुनिक अभ्यासकांच्या नजरेला आलं. राजा काही स्वतः डोहात उतरून हे शिकला नसणार. कुणीतरी सांगितलं आणि त्याने ते श्लोकात घातलं. सांगणाऱ्याचं नाव नाही. हे लक्षात ठेवा, पुढे पुन्हा असंच होणार आहे.

आता साइक्स. विल्यम हेन्री साइक्स, जन्म १७९०, चौदाव्या वर्षी मुंबई इलाख्याच्या फौजेत. १८२४ पासून तो सरकारचा सांख्यिकी अहवाल तयार करणारा अधिकारी म्हणून दख्खनभर फिरला. जमीन, पिकं, पाऊस, पक्षी, दिसेल ते मोजायचं आणि लिहायचं, असा माणूस. एका चंडोलाला आजही त्याचं नाव आहे. १८३१ साली तो मायदेशी परतला. दख्खनच्या माशांवरचा त्याचा निबंध १८३८ साली लंडनच्या झूऑलॉजिकल सोसायटीत वाचला गेला आणि १८४१ साली सविस्तर, चित्रांसह छापून आला. चाळीसच्या वर मासे, त्यातले बहुतेक शास्त्राला नवे.

आम्हाला त्यातलं सगळ्यात विलक्षण वाटतं ते नामकरण. दोन-चार मासे त्याने आपल्या ओळखीच्या साहेबांच्या नावाने केले. उरलेल्यांपैकी पुष्कळांना मात्र इथे जे नाव ऐकलं तेच इंग्रजी कानाने लिहून लॅटिनच्या शेपटीला बांधलं. सींगटी, म्हणजे आपली शिंगटी. कोलस, म्हणजे कोळशी. मुल्ल्या, म्हणजे मळ्या. कुरपाह, म्हणजे खरपा. नुक्ता, म्हणजे नकटा. या माशाच्या नाकाडावर खोल खाच असते, त्यामुळे त्याला नकटा म्हणणारा मराठी माणूसच असणार, दुसऱ्या कुणाला हे सुचायचं नाही. हा त्याला चाकणजवळ इंद्रायणीत मिळाला. आणि ज्या माशाला आज आपण खडशी म्हणतो, दख्खनचा महसीर, तो त्याच्या यादीत खुडरी आहे. ठिकाण दिलंय ‘मोटा मोला’, पुण्याच्या पूर्वेला आठ मैलांवर. मोटा मोला म्हणजे आपली मुळा-मुठा. जगात कुठेही ‘टॉर खुडरी’ असं लिहिलं जातं, तेव्हा त्या नावामागचा पत्ता या नदीचा असतो.

आता अडचण अशी, की साइक्सने वर्णन केलेल्या बहुतेक माशांचे मूळ नमुने आज उपलब्ध नाहीत. नवीन जात नोंदवताना बाटलीत ठेवलेला जो पहिला मासा पुरावा मानतात, तोच नाही. उरलं काय? थोडं वर्णन, काही चित्रं, नदीचं नाव आणि माशाचं मराठी नाव. पुढे शास्त्रज्ञांचे वाद झाले, की साइक्सचा अमुक मासा नेमका कोणता. शिरूरजवळच्या घोड नदीतला त्याचा ‘मुसुल्लाह’ तर अलीकडेपर्यंत भांडणाचं कारण होता. अशा वेळी अभ्यासकांना पुन्हा त्याच नदीवर जावं लागतं.

डोहातून तो मासा काढून साहेबापुढे ठेवणारा आणि “याला नकटा म्हणतात” सांगणारा कोण होता? निबंधात तो नाही. १८८५ च्या पुणे जिल्हा गॅझेटियरमध्ये भोई समाजाची नोंद येते ती पालखी वाहणारे आणि मासे धरणारे म्हणून. त्यांना काय माहीत होतं, याची नोंद अशी समाजाच्या नावाखाली होत नसते. साइक्सवर आमचा राग नाही. त्याने निदान नावं तरी बदलली नाहीत. त्या काळच्या साहेबाच्या मानाने हे थोडं नव्हे.

त्यानंतर नदीचं काय झालं ते तुम्हाला ठाऊकच आहे. खडकवासल्याचं धरण १८७९ पर्यंत उभं राहिलं, नदीचं पाणी कालव्यात गेलं. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, खडकवासलाही गेलं आणि या पेठांमध्ये पाणी शिरलं. इथल्या ज्येष्ठांनी ते डोळ्यांनी पाहिलं आहे. मग शहर वाढलं. माशांच्या याद्या मात्र होत राहिल्या: १९४२ साली फ्रेझर, १९४४ साली सुटर, १९६३ साली तोनापी आणि मुल्हेरकर. २००३ साली वाघ आणि घाटे यांनी मुळा-मुठेचे मासे पुन्हा तपासले, आणि त्याच वर्षी खरात, डहाणूकर आणि सहकाऱ्यांनी जुन्या याद्यांशी ताडून पुणे जिल्ह्यातले बदल मांडले. जुन्या यादीतले काही मासे मिळेनात, आणि चिलापीसारखे बाहेरून आलेले मिळू लागले.

खडशीची गोष्ट जरा वेगळी झाली. १९७० च्या दशकात लोणावळ्याजवळ वळवण तलावावर टाटांच्या वीज कंपनीने महसीरची पैदास सुरू केली. डॉ. सी. व्ही. कुलकर्णी आणि एस. एन. ओगले यांचं ते काम. मासा वाचावा हाच हेतू होता आणि पिल्लं खूप झाली. ती दूरदूर नेऊन सोडली, कावेरीतसुद्धा. कावेरीचा स्वतःचा मोठा महसीर होता. आमच्या खडशीने तिथे असा जम बसवला, की आता त्या मूळ माशाच्या अस्तित्वाची काळजी करावी लागते आहे. पुण्याच्या नदीचं नाव घेऊन फिरणारा मासा कावेरीत उपरा ठरला, आणि कसब्यापाशी मुठेत तो धरायला जाण्यात अर्थ उरला नाही.

तरी आम्ही एकदा गोळी फेकून पाहिली, इथल्याच एका पुलाच्या अलीकडे. लोक हसत होते. टकटक नाही, सरसर नाही. गोळी पडली आणि नुसती रुतली. ओढली तेव्हा गळाला काळी पिशवी आली. आमच्यातला एक जण म्हणाला, सॉफ्ट प्लॅस्टिक लावलं, सॉफ्ट प्लॅस्टिकच मिळालं. त्याच्याखाली बेसॉल्टचा खडक आहे, आणि त्याही खालून आता मेट्रो कसबा पेठेत येते. बोगदा खणणाऱ्यांना तो खडक यंत्राने कळला असेल. गोळीला काही तो लागला नाही.

मामांकडे आम्ही पुन्हा गेलो, साइक्सची यादी घेऊन. एकेक नाव वाचत गेलो. शिंगटीला त्यांनी मान हलवली, कोळशीला हलवली. नकटा म्हटल्यावर हसले आणि स्वतःच्या नाकावर बोट ठेवून खाच दाखवली. म्हणाले, लहानपणी बघितलाय, आता किती वर्षं झाली. ‘फुलंगी’ वाचलं तेव्हा गप्प राहिले. आम्ही उच्चार बदलून वाचलं, फुळंगी, फळंगी, पुलंगी. त्यांनी यादीचा कागद हातात घेतला, उलटा-सुलटा केला, घरातल्या म्हातारीला हाक मारून विचारलं. तिलाही आठवेना. शेवटी त्यांनी विचारलं, “कुठल्या डोहात धरला होता, ते लिवलंय का त्यात?”