पुनरावर्ती त्वचादाह व पेनिसिलिन-प्रतिबंध : जबलपूर आणि विदर्भ

त्वचेला व तिच्याखालच्या मेदस्तराला जंतुसंसर्ग होऊन एकाएकी हुडहुडी भरणे, ताप चढणे, पाय लाल, गरम व टणक होणे आणि जांघेत अवधाण येणे या विकाराला सेल्युलायटिस म्हणतात. त्वचेच्या वरच्या थरापुरता राहणारा, कडा स्पष्ट दिसणारा प्रकार म्हणजे धावरे. आयुर्वेदात त्याच्याशी जुळणारे वर्णन विसर्प या नावाने येते. हा विकार एकदा झाला की त्याच पायाला तो पुन्हा होण्याचा संभव मोठा असतो. असे हल्ले टळावेत म्हणून पाय बरा असतानाच अल्प मात्रेत, महिनोन्‌महिने प्रतिजैविक देतात. त्याला प्रतिजैविक-प्रतिबंध म्हणतात. प्रस्तुत नोंद मुख्यतः जबलपूर, त्याच्या उत्तरेकडील हत्तीरोगाचे जिल्हे आणि दक्षिणेकडील विदर्भ यांपुरती आहे. जबलपूर व नागपूर १८६१ पासून १९५६ पर्यंत एकाच प्रांतात होती. जबलपूरकडचे रुग्ण मोठ्या उपचारांसाठी आजही नागपूरची वाट धरतात.

कारणे : पू न होता पसरणारा दाह बहुधा बीटा-हीमोलिटिक स्ट्रेप्टोकॉकस (गट अ, क, ग) या जंतूंमुळे होतो. गळू, केसतूड असे पुवाळणारे विकार प्रामुख्याने स्टॅफिलोकॉकसमुळे होतात. प्रतिबंधाच्या दृष्टीने हा भेद मूलभूत आहे, कारण पेनिसिलिनचा उपयोग पू न होणाऱ्या प्रकारातच होतो. जंतू आत शिरतात ते बहुतेक वेळा पायाच्या बोटांच्या बेचक्यांतून. तेथे बुरशीमुळे चिखल्या होतात, त्वचा पांढरी पडून फाटते आणि तीच वाट बनते. भेगा, खाजवल्याच्या जखमा व वाढलेली नखे यांचा क्रम त्यानंतर लागतो. प्रत्येक हल्ल्यात लसीकावाहिन्यांची आणखी हानी होते, पायात द्रव साचतो आणि सुजलेला पाय पुढच्या हल्ल्याला अधिक सहज बळी पडतो. स्थूलता, अपस्फीत नीला (फुगलेल्या शिरा) व जुनी सूज ही पुनरावृत्तीची मान्य कारणे होत. मधुमेहाचा वाटा किती, याविषयी एकमत नाही.

जबलपूर परिसर : या पट्ट्यातील जुन्या पायसुजेचे एक मोठे कारण हत्तीरोग (श्लीपद, फायलेरिया) हे आहे. वुचेरेरिया बँक्रॉफ्टी या कृमीमुळे होणारा हा रोग क्यूलेक्स डासांमार्फत पसरतो. मध्य प्रदेशातील पन्ना, छतरपूर, टीकमगड, सतना, रीवा, सागर, दमोह, कटनी, उमरिया, दतिया व छिंदवाडा हे जिल्हे हत्तीरोगप्रवण गणले गेले. त्यांपैकी कटनी व दमोह जबलपूरला लागून आहेत. महाराष्ट्रात नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली हे जिल्हे याच साखळीत येतात. जबलपूर येथे १९८४ मध्ये भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेचे आदिवासींसाठीचे प्रादेशिक संशोधन केंद्र निघाले. आज ते राष्ट्रीय जनजाती आरोग्य संशोधन संस्था म्हणून ओळखले जाते. मलेरिया, सिकलसेल व फ्लुओरोसिस यांवरील कामासाठी ही संस्था प्रसिद्ध आहे. तिच्या संशोधकांनी पन्ना जिल्ह्यातील आदिवासींमधील हत्तीरोगाच्या प्रादुर्भावाचीही पाहणी केली. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेतील जमनालाल बजाज उष्णकटिबंधीय रोग संशोधन केंद्रात हत्तीरोगाच्या निदानावर दीर्घकाळ काम झाले. पाहणी व निदान यांच्या मानाने सुजलेल्या पायाच्या वारंवार येणाऱ्या तापाकडे मात्र फारच कमी लक्ष गेले. रुग्णाची रोजची मजुरी बुडते ती याच तापामुळे.

जबलपूर जिल्ह्यात सिहोराकडील तळ्यांत शिंगाड्याची शेती होते. शिंगाडा काढणारे व भाताची लावणी करणारे लोक तासन्‌तास पाण्यात उभे असतात. भिजून मऊ पडलेल्या बेचक्यांत बुरशी सहज वाढते, म्हणून पावसाळा व त्यानंतरचे महिने अशा पायांना विशेष जपावे लागते.

जुना समज : हत्तीरोग्याला येणारा ताप व पायाची लाली हा कृमींचाच प्रताप, असे दीर्घकाळ मानले जाई आणि प्रत्येक हल्ल्यात डायइथिलकार्बामाझिन (डीईसी) दिले जाई. १९९० च्या दशकात ब्राझीलमधील रेसिफे येथे गेरुझा द्रेयर यांनी आणि वॉर्सॉचे शल्यचिकित्सक ओल्शेव्स्की यांनी या दृष्टीला धक्का दिला. वाढलेल्या पायावरील बहुतेक हल्ले जंतुजन्य असतात, हे आता सर्वमान्य आहे. ओल्शेव्स्की यांनी बेंझाथिन पेनिसिलिनच्या नियमित इंजेक्शनांनी हल्ले कमी होतात, असे प्राथमिक निष्कर्ष १९९६ मध्ये प्रसिद्ध केले. डीईसी कृमींवर चालते. सामुदायिक औषधोपचारात त्याचे स्थान अबाधित आहे (नागपुरात जानेवारी २०१९ मध्ये आयव्हरमेक्टिन व अल्बेंडाझोल यांच्यासह तिहेरी औषधयोजना सुरू झाली), पण आधीच सुजलेल्या पायाचा जंतुसंसर्ग त्याने थांबत नाही. तरीही लोक या तापाला फायलेरियाचाच ताप म्हणतात आणि उपचारही त्याच समजुतीने मागतात.

औषधयोजना : सर्वांत भक्कम पुरावा ब्रिटन व आयर्लंडमधील चाचणीचा आहे (२०१३). वारंवार सेल्युलायटिस होणाऱ्या २७४ रुग्णांपैकी निम्म्यांना पेनिसिलिन-व्ही २५० मिग्रॅ. दिवसातून दोनदा, असे वर्षभर दिले. त्यांच्यापैकी २२ टक्क्यांना पुन्हा हल्ला आला. निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण ३७ टक्के होते. औषध थांबल्यानंतरच्या काळात दोन्ही गटांत ते सारखेच, म्हणजे २७ टक्के झाले. गोळी चालू असेतोवरच संरक्षण असते. अतिस्थूल, पूर्वी तीन किंवा अधिक हल्ले झालेल्या आणि पायाला कायम सूज असलेल्या रुग्णांत लाभ कमी दिसला. हत्तीरोगाचा पाय नेमका याच वर्गात मोडतो. त्यामुळे ब्रिटनमधील आकडे कटनीच्या पायाला जसेच्या तसे लावू नयेत.

अमेरिकी मार्गदर्शिकेनुसार (२०१४) वर्षाला तीन-चार हल्ले येत असतील तर प्रतिबंधाचा विचार करावा. लसीकासूज असलेल्यांसाठी ब्रिटिश तज्ज्ञ दोन हल्ल्यांवरही औषध सुरू करतात. गोळ्यांऐवजी बेंझाथिन पेनिसिलिन १२ लाख युनिट, दर दोन ते चार आठवड्यांनी स्नायूत टोचतात. आमवाती ज्वराच्या रुग्णांना दर तीन आठवड्यांनी देतात तेच हे इंजेक्शन. रोज दोन गोळ्या वर्षभर घेणे ज्याला जमणार नाही, त्याच्यासाठी ते अधिक सोयीचे आहे. मात्र ते फार दुखते, आणि तीव्र अ‍ॅलर्जीच्या भीतीने अनेक दवाखाने ते देत नाहीत. पेनिसिलिन न चालणाऱ्यांना एरिथ्रोमायसिन देतात. गट अ स्ट्रेप्टोकॉकसमध्ये पेनिसिलिनला पक्का प्रतिकार आजवर रुग्णांत आढळलेला नाही. औषध किती काळ चालवावे, यावर एकवाक्यता नाही. दर सहा महिन्यांनी फेरविचार करावा, इतके सर्वत्र मान्य होण्यासारखे आहे.

पिंपरीचे पेनिसिलिन : भारतात पेनिसिलिन बनवणारा पहिला सरकारी कारखाना, हिंदुस्तान अँटिबायोटिक्स, पुण्याजवळ पिंपरी येथे १९५४ मध्ये स्थापन झाला. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांची त्याला मदत होती. १९५५ मध्ये उत्पादन सुरू झाले. त्याच वर्षी जबलपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय (आजचे नेताजी सुभाषचंद्र बोस वैद्यकीय महाविद्यालय) सुरू झाले आणि राष्ट्रीय हत्तीरोग नियंत्रण कार्यक्रमही त्याच वर्षीचा. स्वस्त देशी पेनिसिलिन सरकारी दवाखान्यांपर्यंत पोचण्यात पिंपरीचा वाटा मोठा आहे. याच कारखान्याच्या प्रयोगशाळेत हमायसिन हे बुरशीनाशक शोधले गेले. पुढे चीनमधील स्वस्त मालापुढे देशातील पेनिसिलिन-जीचे किण्वन बंद पडले आणि कच्च्या मालासाठी आयातीवर अवलंबून राहावे लागले. बेंझाथिन पेनिसिलिनचा तुटवडा जगभर जाणवला आहे. २०२० मध्ये केंद्र सरकारने पेनिसिलिन-जीचा समावेश उत्पादनाशी निगडित प्रोत्साहन योजनेत केला. वर्षभराच्या प्रतिबंधात पुरवठा महिनाभर तुटला तरी त्या महिन्याचे संरक्षण जाते.

पाय धुणे : प्रतिबंधाचा हा मुख्य भाग असून औषध त्याला जोड म्हणून द्यावयाचे असते. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अनेक अभ्यास एकत्र केलेल्या आढाव्यात पायाची नियमित निगा राखणाऱ्या लसीकासूजग्रस्तांत तीव्र हल्ल्याची शक्यता न राखणाऱ्यांच्या एक-तृतीयांशाच्या आसपास आढळली. पद्धत अशी : रोज, शक्यतो रात्री, साध्या साबणाने व गार पाण्याने गुडघ्यापासून खाली पाय धुवावा. त्वचेच्या घड्या व बोटांच्या बेचक्या हलक्या हाताने स्वच्छ कराव्यात, ब्रशने किंवा दगडाने घासू नये. स्वच्छ मऊ कापडाने टिपून घ्यावे आणि बेचक्यांत कापडाची पट्टी फिरवून त्या पूर्ण कोरड्या कराव्यात. लोक नेमके हेच करायचे सोडतात. चिखल्या असल्यास बुरशीनाशक मलम, भेगा असल्यास व्हॅसलिन किंवा खोबरेल तेल लावावे. बसताना व निजताना पाय उंचावर ठेवावा, घोटा दिवसातून अनेकदा हलवावा, नखे सरळ कापावीत, अनवाणी फिरू नये. ताप आलेला असताना गार पाण्याने पाय निववावा, विश्रांती घ्यावी, व्यायाम करू नये आणि पूर्ण मात्रेतील उपचारासाठी दवाखाना गाठावा. हत्तीरोगाच्या राष्ट्रीय कार्यक्रमात रुग्णाला टब, मग, साबण, टॉवेल व मलम यांचा संच दिला जातो. ज्याचा हात स्वतःच्या बोटांपर्यंत पोचत नाही अशा वृद्धाचा पाय घरातल्या कुणीतरी धुवावा लागतो. म्हणून संच देताना त्या माणसालाही बसवून शिकवणे आवश्यक आहे. पन्ना, छतरपूर, टीकमगडकडच्या बुंदेलखंडात उन्हाळ्यात पाण्याचे हाल असतात. तेथे रोज पाय धुण्याचा सल्ला देण्यापूर्वी घरात पाणी कोण आणि कोठून आणते, याची चौकशी करावी.

औषधाच्या दुकानातून आणलेले स्टेरॉइड, प्रतिजैविक व बुरशीनाशक यांचे मिश्र मलम चिखल्यांना कदापि लावू नये. खाज तात्पुरती थांबते, बुरशी मात्र पसरते व चिवट होते. स्टेरॉइड मलमे चिठ्ठीशिवाय विकू नयेत, यासाठी केंद्र सरकारने २०१८ मध्ये नियम कडक केले. विक्री थांबलेली नाही.

दाबपट्टी : कॅनबेरा येथील चाचणीत (२०२०, ८४ रुग्ण) पायाला दाब देणाऱ्या पट्ट्या व मोजे वापरणाऱ्यांपैकी १५ टक्क्यांना, न वापरणाऱ्यांपैकी ४० टक्क्यांना पुन्हा हल्ला आला. हा लाभ इतका ठळक होता की चाचणी मुदतीआधीच थांबवली गेली. मे महिन्यात विदर्भात किंवा जबलपुरात मोजे दिवसभर घालणे कठीण असते. सकाळच्या वेळेपुरते तरी घालावेत.

गळवे : वारंवार होणाऱ्या गळवांसाठी दीर्घकाळ प्रतिजैविक देण्याची शिफारस सर्वसाधारणपणे केली जात नाही. नाकात मुपिरोसिन मलम पाच दिवस, क्लोरहेक्सिडिनने स्नान आणि टॉवेल-चादरी रोज धुणे हा मार्ग अवलंबतात.

गरोदरपण : पेनिसिलिन चालते.