ऑस्ट्रेलियन चित्रपट आणि भाषेचा अधिकार

चित्रपटाचा इतिहास बहुधा दिग्दर्शक, तंत्र आणि लोकप्रियता यांच्या अनुरोधाने लिहिला जातो. ऑस्ट्रेलियाच्या बाबतीत आणखी एक निकष लावून पाहणे उद्बोधक ठरेल. पडद्यावर कोणाची भाषा आहे आणि ती कोणाच्या सोयीसाठी बदलली जाते, हा तो निकष होय.

२६ डिसेंबर १९०६ रोजी मेलबर्न येथे ‘द स्टोरी ऑफ द केली गँग’ हा चार्ल्स टेट यांचा मूकपट प्रथम दाखविण्यात आला. तासाभराहून अधिक लांबीचा हा जगातील पहिला कथापट मानला जातो. १८८० साली फाशी गेलेला दरोडेखोर नेड केली हा त्याचा नायक. ऑस्ट्रेलियन विषय असा पडद्यावर आला. ऑस्ट्रेलियन बोली आली ती १९१९ साली. सी. जे. डेनिस यांच्या पद्यकथेवरून रेमंड लाँगफर्ड यांनी ‘द सेंटिमेंटल ब्लोक’ हा मूकपट केला आणि दृश्यांमधील पाट्यांवर मूळची रांगडी नागर बोली कायम ठेवली. अमेरिकेतील प्रेक्षकांसाठी मात्र या पाट्या बदलाव्या लागल्या. पुढे ६० वर्षांनी, १९७९ साली, जॉर्ज मिलर यांचा ‘मॅड मॅक्स’ निघाला. तो अमेरिकेत दाखविताना पात्रांचे संवाद अमेरिकन उच्चारांत पुन्हा ध्वनिमुद्रित करण्यात आले. भाषा इंग्रजीच, परंतु तिचे ऑस्ट्रेलियन रूप तेथे ग्राह्य ठरले नाही.

या उपेक्षेची खंत ऑस्ट्रेलियनांना वाटावी, हे स्वाभाविक आहे. तथापि, त्यांच्या स्वतःच्या भूमीत १७८८ च्या सुमारास अडीचशेहून अधिक आदिवासी भाषा बोलल्या जात होत्या, आणि त्यांच्याविषयी तेथील चित्रपटाने दीर्घकाळ तीच वृत्ती बाळगली. चार्ल्स शॉवेल यांचा ‘जेडा’ (१९५५) हा ऑस्ट्रेलियाचा पहिला रंगीत कथापट. त्याच्या प्रमुख भूमिका दोघा आदिवासी कलावंतांना मिळाल्या, ही गोष्ट निःसंशय महत्त्वाची आहे. परंतु कथेचा निवेदक असलेला मिश्रवंशीय तरुण शिष्ट इंग्रजीत बोलतो, आणि ती भूमिका एका गोऱ्या नटाने केलेली आहे. निकोलस रोग यांच्या ‘वॉकअबाउट’ (१९७१) मध्ये डेव्हिड गुल्पिलिल स्वतःच्या भाषेत बोलतो. मात्र त्या बोलण्याचा अनुवाद प्रेक्षकांना दिलेला नाही. त्यामुळे भाषा ऐकू येते, पण अर्थ पोहोचत नाही.

खरा पालट दिसतो तो ‘टेन कॅनूज’ (२००६) या चित्रपटात. रॉल्फ द हीर आणि पीटर जिगिर यांनी आर्नहेम लँडमध्ये तो चित्रित केला. पात्रांचे सर्व संवाद योलंगू भाषांत असून अनुवाद वाचण्याचे श्रम इंग्रजीभाषकाने घ्यावयाचे आहेत. निवेदक आहे तो गुल्पिलिलच. त्याचे निवेदन इंग्रजीत असले, तरी केव्हा थांबावे, किती सांगावे आणि कोणत्या गमतीवर हसावे, हे तोच ठरवितो. निवेदनही योलंगू भाषेत असलेली आवृत्ती स्वतंत्रपणे तयार करण्यात आली.

एका चित्रपटाने भाषा जगत नाही. ती घरात मुलांच्या तोंडी असावी लागते. परंतु १९७१ साली ज्याचे बोलणे अनुवादावाचून राहिले, तोच २००६ साली कथा सांगू लागला, हे अंतर थोडे नव्हे. ऑस्ट्रेलियन चित्रपटाच्या प्रगतीचे मोजमाप या अंतराने करणे अधिक न्याय्य होईल, असे वाटते.