रस्त्याच्या हद्दीबाहेर : प्रस्तावना

अपघात म्हटला की आपल्याला महामार्ग आठवतो. पण साखर कारखान्याच्या आवारात, उसाच्या फडात, खाणीत, बंदरावर, सोसायटीच्या पार्किंगमध्येही गाड्या एकमेकींवर आदळतात आणि आत बसलेली माणसे जखमी होतात. त्यांच्या हातात ना स्टिअरिंग असते, ना ब्रेक. या जखमी प्रवाशांचा अभ्यास हा या ग्रंथाचा विषय आहे. तुम्ही वैद्यकातून या, कायद्यातून या, अभियांत्रिकीतून किंवा समाजकार्यातून या. इथे प्रत्येकासाठी काम पडून आहे.

सुरुवात नोंदीपासून करायला हवी. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-10 या वर्गीकरणात सार्वजनिक रस्त्यावरचा अपघात आणि रस्त्याबाहेरचा अपघात वेगळे मोजतात. मोटारीला मोटार धडकून प्रवासी रस्त्यावर जखमी झाला, तर संकेतांक व्ही 43.6, तीच धडक खासगी आवारात झाली, तर व्ही 43.1. फाटकातून बाहेर पडणाऱ्या गाडीचा थोडा भाग जरी रस्त्यावर असला, तरी तो रस्त्यावरचाच अपघात. इथवर सगळे सरळ आहे. पेच पडतो तो जागेची नोंदच नसते तेव्हा. मग नियम असा, की मोटारीचा अपघात रस्त्यावरचा धरायचा आणि शेतीच्या ट्रॅक्टरचा रस्त्याबाहेरचा. रात्रपाळीच्या डॉक्टरांनी केसपेपरवर नुसते ‘आरटीए’ (रस्ता वाहतूक अपघात) लिहिले, की पार्किंगमध्ये जखमी झालेली आजी रस्त्यावरच्या आकड्यांत जाते. उलट, भर राज्यमार्गावर ट्रॅक्टरवरून फेकला गेलेला मुलगा, जागा लिहायची राहिली म्हणून, शेतातला ठरतो. उपाय कुठे करायचे हे याच आकड्यांवरून ठरवायचे असेल, तर ही चूक मला अजिबात लहान वाटत नाही.

आवारात वेग कमी, म्हणून इजाही किरकोळ, असा एक समज आहे. वेग निम्मा झाला की गतिज ऊर्जा पावपट होते, हे खरेच. पण प्रवासी कुठे आणि कसा बसला आहे, हे त्या हिशेबात येत नाही. गळीत हंगामात रात्री कारखान्याच्या काट्यासमोर लागलेली रांग पाहा. एकेका ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, आणि ड्रायव्हरशेजारी मडगार्डवर टेकलेला ऊसतोड टोळीतला माणूस. त्याला ना पट्टा, ना पाठ टेकायला जागा. रांग सरकताना मागच्याने हलका धक्का दिला, तर ट्रॅक्टरला ओरखडाही येत नाही. हा माणूस मात्र थेट मागच्या मोठ्या चाकाच्या वाटेत पडतो. उसावर बसलेल्याची तर धडकेपेक्षा उंचीशीच गाठ असते. इजा होते ती शरीरात शिरणाऱ्या ऊर्जेमुळे, हा विचार अमेरिकी डॉक्टर विल्यम हॅडन यांनी 1960च्या दशकात ठामपणे मांडला. अपघाताआधी, अपघाताच्या क्षणी आणि नंतर काय करता आले असते, हे वेगवेगळे तपासण्याची त्यांची पद्धत या अभ्यासात आजही उपयोगी पडते.

कायद्याच्या बाजूने पाहिले तर भांडण बहुतेकदा ‘सार्वजनिक जागा’ कशाला म्हणायचे यावर होते. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 2(34) नुसार लोकांना जिथे प्रवेशाचा हक्क आहे ती जागा सार्वजनिक, मग तिथून रहदारी असो वा नसो. प्रवेशावर नियंत्रण असलेली खासगी जागाही या व्याख्येत बसू शकते, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्ण पीठाने सांगितले आहे. गेटवर वॉचमन आहे, एवढ्यावरून विम्याचा दावा बुडत नाही, हे जखमीच्या घरच्यांना कोणीतरी वेळेवर सांगायला हवे. ट्रॅक्टरवर मात्र चालकापुरतेच आसन असते, आणि मडगार्डवरच्या माणसाचा दावा तिथे अडतो. फौजदारी कायद्यातही असाच भेद आहे. भारतीय न्याय संहितेचे कलम 281 सार्वजनिक वाटेवरच्या बेदरकार वाहन चालवण्यापुरते आहे, तर दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणाऱ्या कृत्यांबद्दलच्या कलम 125 ला अशी जागेची अट नाही. जखमी माणूस कामावर असेल, तर कर्मचारी भरपाईच्या कायद्याचाही मार्ग असतो; मोटार अपघाताचा दावा आणि हा मार्ग, या दोन्हींपैकी एकच निवडावा लागतो.

प्रकरणे क्रमानेच वाचावीत असे नाही. रुग्णालयातल्यांनी नोंदींपासून सुरुवात करावी, वकिलांनी व्याख्यांपासून. पण पुढचा केसपेपर किंवा पंचनामा हाती येईल तेव्हा एवढे जरूर विचारा: धडक नेमकी कुठे झाली, जखमी कशावर बसला होता, आणि त्या क्षणी तो चढत किंवा उतरत तर नव्हता ना.